माळ्यावरचा भात

कुणाच्या घरी वासाचा तांदूळ शिजत असला की मी अजूनही आधी वर बघते आणि मग स्वयंपाकघराकडे. आता वर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मुलाच्या फ्लॅटला पांढरं सपाट छत आहे आणि त्याला पंखा आहे. सूनबाईनं एकदा विचारलंच, “आई, भात लावला की तुम्ही पंख्याकडे काय बघता हो?” मी म्हटलं, “सवय.” दुसरं काय सांगणार? सांगायला बसले असते तर भात खाली लागला असता. म्हणून ते इथे लिहून ठेवते.

आम्ही मूळचे पिंपळनेरकडचे. नाना, म्हणजे माझे वडील, बस डेपोत कंट्रोलर होते. त्यांची यावलला बदली झाली आणि काशीकाकूंच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायला आलो. वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी माळा, माळ्याला टेकवलेली शिडी, आणि मागचं दार उघडलं की थेट केळीची बाग. वारा सुटला की केळीची पानं फडफडायची. वीज आली की विहिरीवरची मोटर सुरू व्हायची, आणि मोटर सुरू झाली की काशीकाकूंचा आवाज एक पट्टी वर चढायचा, कारण त्यांना बोलणं थांबवणं माहीत नव्हतं. घरात नाना, आई, पिंपळनेरहून आलेले आबा, म्हणजे आजोबा, माझ्याहून बरीच मोठी अक्का आणि मी. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी तुरीच्या डाळीची खिचडी, तिच्यावर कच्चं तेल आणि बाजूला भाजलेला पापड. खिचडीला जाडा तांदूळ. वासाचा तांदूळ वेगळा, तो पत्र्याच्या डब्यात वरच्या फळीवर असायचा आणि पाहुणे आले तरच खाली उतरायचा. आमच्याकडेच नव्हे, त्या आळीत सगळ्यांकडे हाच रिवाज. पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

केळी कापणीला आली होती. घड उतरवताना वाळलेल्या पानांच्या ढिगात माणसांना एक पिल्लू सापडलं. त्याची आई कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. काशीकाकूंनी ते पदरात घालून आणलं आणि अक्काच्या हातात दिलं. “विजे, हे धर व माय. मांजरीचं दिसू राहिलं, पन म्याव काही करत नाही.”

ते मुठीत मावत होतं. राखाडी अंग, ओलं काळं नाक, डोळ्यांभोवती काळी पट्टी आणि अंगापेक्षा लांब शेपूट. अक्कानं शाईचा ड्रॉपर उकळून घेतला आणि थेंब थेंब दूध पाजलं. बी. ए. ची परीक्षा देऊन ती घरी बसली होती, म्हणजे लग्नाची वाट बघत बसली होती, असं सगळे म्हणायचे. ती स्वतः काही म्हणायची नाही. आबांनी पिल्लाला उलटंसुलटं करून बघितलं आणि निकाल दिला, “हाई मांजर नई शे. मुंगूसबी नई शे.” “मग काय आहे?” “ते माले माहीत नई.” माहीत नाही असं म्हणणारे घरात ते एकटेच होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नानांना मात्र माहीत होतं. बसमध्ये लोक काय वाट्टेल ते विसरून जातात. छत्र्या, चपला, एकदा तर नवरदेवाचा फेटा. असंच कुणीतरी एक इंग्रजी पुस्तक विसरलं होतं, प्राण्यांच्या रंगीत चित्रांचं. त्याला कुणी वारस आला नाही आणि ते आमच्या घरी आलं. नानांचा छापील अक्षरावर फार विश्वास. वेळापत्रकात गाडी सव्वानऊची असेल आणि समोरून साडेदहाला आली, तर ते घड्याळाकडे संशयानं बघायचे. त्यांनी पुस्तक उघडलं, डिक्शनरी घेतली, चष्मा लावला आणि एका पानावर बोट ठेवलं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला एक गुबगुबीत प्राणी ओढ्याकाठी बसला होता. “रॅकून,” नाना म्हणाले. “अमेरिकेतला आहे. लहानपणी आणला तर माणसाळतो. आणि खाण्याची वस्तू पाण्यात धुतल्याशिवाय खात नाही.”

“अमेरिकेतला प्राणी यावलात कसा येईल?” आईनं विचारलं. नाना गाड्यांच्या हिशेबातला माणूस. म्हणाले, “आपली केळी वॅगन भरभरून दिल्लीला जातात. वॅगनी परत येतात त्या रिकाम्या. रिकामी असं नुसतं लिहिलेलं असतं. आत कोण बसलंय ते कोण उघडून बघतं?” आबांनी विचार करून विचारलं, “अमेरिका दिल्लीना पल्याड शे का अल्याड?” “पल्याड.” “मंग व्हई,” आबा म्हणाले, आणि प्रश्न मिटला.

आज मला माहीत आहे की ते साधं उदमांजर होतं, आपल्याच मुलखातलं, केळी-पपईच्या बागांतून आणि घरांच्या आढ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारं. काशीकाकूंच्या बागेत ते आमच्या आधीपासून होतं, आम्हीच बदली होऊन आलो होतो. पण तेव्हा तो रॅकून होता, आणि आमच्या तोंडी राकू झाला.

मग राकूचं शिक्षण सुरू झालं. नानांनी त्याच्यासाठी एक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी काढली. रोज संध्याकाळी डेपोतून आल्यावर ते ती पाण्यानं भरायचे, केळ सोलायचे, चाकूनं त्याचे सारखे गोल काप करायचे आणि वाटीशेजारी मांडायचे. राकू खाली उतरायचा, वाटीला वळसा घालून काप खायचा आणि मिशा चाटायचा. नानांनी मग स्वतः धुऊन दाखवायला सुरुवात केली. डेपोचा खाकी गणवेश घातलेला माणूस उकिडवा बसून केळ्याचा काप पाण्यात बुडवतोय आणि म्हणतोय, “असं. आधी असं, मग तोंडात.” राकू बुडवलेला कापही खायचा. त्याला कसलीच हरकत नव्हती. आबा खाटेवरून म्हणायचे, “तो शिकस का तू शिकस रे, देख बरं.” नाना चिडायचे नाहीत. अजून लहान आहे, म्हणायचे. पुस्तकात लिहिलंय तर तो धुणारच.

तो ऐकायचा फक्त अक्काचं. दिवसभर माळ्यावर गोणपाटात झोपलेला असायचा. खिचडीला फोडणी पडली की शिडीच्या वरच्या पायरीवर त्याचं काळं नाक दिसायचं. अक्का “ये” म्हणायची आणि तो उतरून तिच्या खांद्यावर बसायचा. ती पापड भाजायची, तो बघायचा. खाऊन झालं की ती पदरानं त्याचे पुढचे पाय पुसायची आणि म्हणायची, “हात पुसून घे, माणसात राहतोस.” मी बोलावलं तर माझ्याकडे बघायचा, बराच वेळ बघायचा, आणि येणार असं वाटत असतानाच पाठ फिरवायचा. मला त्याचं काही कळायचं नाही. मी त्याच्यासाठी झुरळं पकडून आणायची, झुरळं! आणि तो ती खाऊन अक्काकडे जायचा.

तो मोठा झाला आणि वास सुरू झाला. पहिल्यांदा आईला आला. तिनं फळीवरचा डबा उतरवून बघितला, झाकण घट्ट होतं. मग आबांना आला, मग मला. ताजा शिजलेला, वाफाळता, वासाचा भात. दिवेलागणीला तर इतका की तोंडाला पाणी सुटावं. चुलीवर खिचडी आणि नाकात आंबेमोहोर, अशी आमची अवस्था. अखेर अक्कानं राकूच्या मानेत नाक खुपसलं आणि हसत सुटली. “अगं आई, हा शिजतोय!”

घरात आम्ही हसलो, पण भिंतीपलीकडे काशीकाकू होत्या. एका संध्याकाळी दारात येऊन त्यांनी विचारलं, “पाहुने येऊ राहिले काय व?” आई म्हणाली, नाही. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वास, पुन्हा प्रश्न. आईनं त्यांना माळ्याकडे बोट दाखवून खरं ते सांगितलं, तर त्यांना वाटलं ही बाई काहीतरी लपवतेय. उपवर मुलगी घरात, रोज संध्याकाळी पाहुण्यांचा भात, याचा अर्थ लावायला आळीला वेळ लागला नाही. विजीला बघायला रोज कुणीतरी येतंय. आणि रोज येतंय, याचा अर्थ आदला कुणीच पसंत करत नाही. नळावर बायका अक्काकडे इतक्या मायेनं बघायला लागल्या की ती घागर अर्धी भरूनच परत यायची.

हे सगळं बसमध्ये बसून धुळ्याला पोचलं. नानांचे मावसभाऊ सुधाकरभाऊ तिकडे देवपूरच्या एका मुलाची बोलणी करत होते. मुलगा शाळेत चित्रकला शिकवायचा. घरात आई आणि तो, दोघंच. स्थळ चांगलं होतं, आणि नानांच्या ऐपतीत बसणारं असं ते एकच होतं. सुधाकरभाऊ आले ते चहा न घेताच बोलले, “नाना, ते विचारताहेत, मुलीला आजवर किती जण बघून गेले?”

“एकही नाही.”

“मग यावलहून येणारा प्रत्येक जण का सांगतो, तुमच्याकडे रोज भात शिजतो म्हणून? इतक्या जणांनी नापसंत केलेली मुलगी ते कशाला करतील? आणि इथं फिसकटलं तर पुढे कुणी दारात येणार नाही, हे लक्षात ठेवा.”

त्या आठवड्यात घरात जी चर्चा झाली तिच्यानं माझं डोकं पार फिरलं. नाना म्हणाले, राकूला बागेत सोडून येऊ, वास बंद होईल. आई म्हणाली, वास बंद झाला तर लोक म्हणतील पाहुणे यायचे बंद झाले, म्हणजे पोरीवर कायमचाच शिक्का. ठेवला तर वास येत राहणार. सोडला तर खरं काय ते दाखवायला पुरावाच नाही. नानांनी दोन्ही बाजूंनी विचार केला, पुस्तकातही बघितलं, पण पुस्तकात वासाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांना हे फार लागलं. आबा म्हणाले, “ऱ्हावानं का जावानं, तेलेच इचारा.” मला अक्काचं लग्न व्हायला हवं होतं आणि नकोही होतं. राकू राहायला हवा होता, आणि अक्का गेल्यावर तो माझा होईल असंही मनात येऊन जायचं. अक्काला काय हवं होतं? मला आजही नक्की सांगता येत नाही. ती एवढंच म्हणाली, “त्याला घालवलं तर आपण खोटे ठरू. त्यांना येऊ द्या. त्यांच्यासमोर मी त्याला खाली आणेन.”

मग भाताचा प्रश्न आला. पाहुण्यांना वासाचा भात करायचा, तर कुठला वास पातेल्याचा आणि कुठला राकूचा, हे त्यांना कसं कळणार? आईनं छातीवर दगड ठेवून ठरवलं, भात करायचाच नाही. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वर साजूक तूप, केळीच्या पानावर. कमी काही नाही. पण चुलीवर तांदळाचा दाणा चढणार नाही.

देवपूरची मंडळी दुपारच्या गाडीनं आली. मुलाची आई ठेंगणी, ठसठशीत कुंकवाची, आल्याआल्या चारी कोपरे डोळ्यांनी झाडून घेणारी. मुलगा खाली मान घालून बसलेला. परकी माणसं आली म्हणून की काय, राकू माळ्यावर अस्वस्थ होता, आणि असा वास सुटला होता की जणू लग्नघरची पंगत. अक्कानं पोहे दिले, चहा दिला, प्रश्नांची उत्तरं दिली. मग पानं मांडली. मंडळी जेवली, आईनं आग्रह केला, ती आणखी जेवली. पण पानावरून उठेनात. शेवटी मुलाच्या आईनं स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हटलं, “भात ऱ्हायना वाटस.”

नानांनी घसा साफ केला. “भात नाही केला आज.”

“नई कया? मंग हाऊ वास कसाना?”

मला तिचा चेहरा लख्ख आठवतो. तिला काय वाटलं ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. या घरात सुगंधी भात शिजलाय, आणि तो आपल्यासाठी नाही, मागून येणाऱ्या पाहुण्यांसाठी झाकून ठेवलाय. तिनं हात पानावरून मागे घेतला आणि मुलाला हळूच म्हणाली, “आमनासाठे नई व्हई.” आईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. नानांनी धावत जाऊन पुस्तक आणलं आणि ते रॅकून, अमेरिका, दिल्लीच्या वॅगनी असं एका दमात सांगू लागले. ते जितकं सांगत होते तितकी ती बाई भिंतीकडे सरकत होती. मला वाटलं, संपलं. माझ्या अक्काचं आता कधीच काही होणार नाही, आणि तेही एका मांजरासारख्या मांजर नसलेल्या प्राण्यामुळे.

तेवढ्यात अक्का उठली. नवी साडी खोचून ती शिडी चढली. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलगी शिडी चढते, हे यावलात कुणी पाहिलं नसेल. मग ती उतरली. खांद्यावर राकू, शेपूट तिच्या पाठीवर सोडलेलं, डोळे झोपेनं किलकिले. ती सरळ मुलाच्या आईसमोर जाऊन खाली बसली आणि म्हणाली, “वास घेऊन बघा.”

बाईनं नाक पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. “माय व! हाऊ ते भात शे!”

आणि इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा पहिल्यांदा बोलला. “आई, आपल्या घरीही संध्याकाळी वरून हाच वास येतो.”

“तो ते शेजारनीना घरना शे,” बाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. तिनं वर आमच्या माळ्याकडे बघितलं, मग राकूकडे, मग कुठेच नाही. देवपूरला ती शेजारीण रोज सुगंधी भात शिजवते आणि एका वाटीनं कधी विचारत नाही, असं समजून हिनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. “इतला वरीस मी तिनासंगे बोलनू नई व माय!” तिनं कपाळावर हात मारला. आधी आबा हसले, मग आई, आणि मग ती बाई स्वतः इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन म्हणाली, “पोर पसंद शे.” अक्का तशीच बसली होती. तिनं विचारलं, “आणि हा?” बाई म्हणाली, “आमना घर वर एक शेच ना. आनखी दुसरं काय करानं?” सगळे पुन्हा हसले. अक्काही हसली, पण हसताना तिनं तोंड राकूच्या मानेत लपवलं, आणि बराच वेळ वर काढलं नाही.

लग्न झालं. अक्का यावलच्या स्टँडवरूनच धुळ्याच्या गाडीत बसली आणि ती गाडी पुकारायचं काम नानांचं होतं. त्यांनी माईकवरून धुळे गाडी पुकारली, मग पुन्हा पुकारली. गाडी दिसेनाशी झाली तरी आत केबिनमध्ये बसून ते ती पुकारतच होते. आबा पिंपळनेरला परत गेले. घरात आम्ही तिघं उरलो, आणि राकू.

तो शिडीच्या वरच्या पायरीवर येऊन बसायचा. मी “ये” म्हणायची, अक्काच्या आवाजात म्हणायची, तिची जुनी साडी गुंडाळून म्हणायची. एकदा तो उतरला, साडीचा वास घेतला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वर गेला. मला इतकं रडू आलं! काही दिवसांनी तो पायरीवर यायचाही बंद झाला. माळ्यावर गोणपाट होतं, तो नव्हता. पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीतून बागेत गेला असणार. मग एका संध्याकाळी काशीकाकूंनी दारातून विचारलं, “भात बंद केला काय व?” त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण आई परातीवरून उठली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली. लग्नात रडली नव्हती तेवढी.

परवा नातवानं मोबाइलवर खऱ्या रॅकूनचा व्हिडिओ दाखवला. त्याला कुणीतरी म्हातारीचे केस दिले होते, गुलाबी साखरेचे. त्यानं ते आनंदानं पाण्यात धुवायला घेतले आणि ते विरघळून गेले. मग तो दोन्ही हातांनी पाणी चाचपत राहिला, इकडे बघायचा, तिकडे बघायचा, पुन्हा चाचपायचा. नातू खदखदून हसला. मी हसू शकले नाही.

तेव्हा यावलात नाना मात्र वाटी भरत राहिले. राकू गेला हे त्यांनी कधी तोंडानं कबूल केलं नाही. डेपोतून आले की पाणी, केळ, चाकू, गोल काप. सकाळी काप तसेच असायचे, त्यांना मुंग्या लागलेल्या. आई म्हणायची, पुरे आता. ते ऐकायचे नाहीत. आणि एका सकाळी त्यांची हाक आली, “अगं या, लवकर या!” वाटीशेजारचे काप नव्हते. वाटीत, पाण्यावर, केळ्याचा एक तुकडा तरंगत होता. नाना उकिडवे बसले होते, वाटीला कुणाला हात लावू देत नव्हते. “धुतला,” ते म्हणाले. “बघा, धुतला त्यानं.” त्यांचे डोळे भरून आले होते. गणवेश घालून ते नेहमीच्या आधीच डेपोत गेले, देवपूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि अक्काला बोलावून घेऊन सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. अक्कानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं म्हणे. मग म्हणाली, “नाना, त्याचे हात पुसून घ्या.”

राकू त्यानंतर आला नाही. नाना गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. आई थकल्यावर माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा एका दुपारी भाजी निवडता निवडता मी धीर करून विचारलं, “आई, खरं सांग. वाटीत तो तुकडा तूच टाकला होतास ना? नानांना बरं वाटावं म्हणून?”

आईचा हात थांबला. “मी? मी तर इतकी वर्षं समजत होते की तू टाकलास.”

आम्ही दोघींनी भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे बघितलं. “नाही गं,” आई म्हणाली, “त्यांना असलं कधी जमलं नसतं.” ती पुन्हा भाजी निवडायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता तिनं विचारलं, “तो तुकडा चाकूनं कापलेला होता, की दातांनी तोडलेला?”

मला आठवेना. अजूनही आठवत नाही.